निळ्या डोळ्यांची मांजर, सोन्याची देवी आणि एक फ्रेंच पुडी

खवचट_बोका
गेल्या मे महिन्यात धाकट्या बहिणीकडे फ्रान्समध्ये लिऑनला होतो. तिच्याकडे बर्मन जातीची मांजर आहे, नाव घारी. अंग सायीच्या रंगाचं, तोंड-कान-शेपूट काळपट, डोळे निळे, आणि चारही पंजे दुधाच्या पातेल्यात बुडवून काढल्यासारखे पांढरे. मांजर देताना विकणाऱ्या बाईंनी एक घडीपत्रक दिलं होतं. त्यात ‘इतिहास’ या मथळ्याखाली काय, तर ब्रह्मदेशात लाओ-त्सुन नावाचं देऊळ होतं. त्यात निळ्या नीलमण्यांच्या डोळ्यांची सोन्याची देवी आणि शंभर पांढरी मांजरं. दरोडेखोरांनी हल्ला केला, म्हातारा पुजारी मुन-हा देवीसमोरच गेला. त्याच्या लाडक्या बोक्याने धन्याच्या अंगावर पाय ठेवून देवीकडे पाहिलं, आणि त्याचं अंग सोनेरी झालं, डोळे निळे झाले. धन्याला टेकलेले पंजे तेवढे पांढरे राहिले. सात दिवसांनी बोकाही गेला. उरलेल्या मांजरांचा रंग बदलला आणि त्यांनीच नवा पुजारी निवडला.

गोष्ट झकास आहे. पण तिला इतिहास का म्हणायचं? देऊळ म्हणे ख्मेर लोकांचं. ख्मेर कंबोडियाचे, तिथून ब्रह्मदेशात मठ बांधायला कधी गेले? बोक्याचं नाव ‘सिन्ह’. फ्रान्सला आलेल्या पहिल्या मांजरीचं नाव ‘सीता’, आणि तिच्या पिल्लाच्या नावापुढे ‘मदालपूर’! ब्रह्मी देवळातली मांजर आणि नावं आमच्या आळीतली. हे सगळं १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये छापून आलं आणि १९२५ साली तिथेच या जातीला मान्यता मिळाली. मला तर ही सरळ विक्रीसाठी सोडलेली पुडी वाटते.

माऊची_आई
बोकोबा, आता गोष्टींनाही सातबारा लागतो का? आपल्याकडे जुनं दगडी देऊळ दिसलं की ते पांडवांनी एका रात्रीत बांधलेलं असतं, कोंबडा आरवला म्हणून कळस राहिलेला असतो. तिथे कधी नाक मुरडलंत? मांजरीच्या वेळीच बरा तर्क सुचला.

खवचट_बोका
ताई, पांडवांची गोष्ट सांगणारा गुरव देऊळ विकत नाही. इथे त्या पत्रकामागच्या पानावर किंमत आहे.

कुशीवर_ठिपका
मी जनावरांची डॉक्टर. रंगाचं कारण मात्र गोष्टीपेक्षाही सुरस आहे. या मांजरांत रंग तयार करणारं एन्झाइम अंगाच्या ऊबेत नीट चालत नाही, गारव्यात चालतं. म्हणून कान, नाकाडं, पाय, शेपूट काळं आणि धड फिकं. पिल्लं आईच्या पोटात उबेला असतात, त्यामुळे जन्मतात ती जवळपास पांढरीच. सयामी मांजरांतही हेच. पांढऱ्या पंजांचा जनुक वेगळा, तो आई आणि बाप दोघांकडून यावा लागतो. बोकोबा, घारीचं ऑपरेशन झालंय का? कुशीवरचे केस भादरले असतील तर तिथे काय झालं ते बहिणीला विचारा.

खवचट_बोका
विचारायला कशाला, मीच पाहिलंय! भादरलेल्या चौकोनात गडद तपकिरी केस आले होते, ठिगळ लावल्यासारखे. बहीण घाबरली होती. पुढचे केस गळून नवे आले तेव्हा ते फिके झाले.

माऊची_आई
डॉक्टरबाई, छान सांगितलंत. पण माझ्या नातीला झोपवताना मी एन्झाइम सांगू का?

रत्नांग्रीकर
ब्रह्मदेश निघालाच आहे म्हणून. तिथला खराखुरा राजा थिबा आमच्या रत्नागिरीत तीस वर्षं नजरकैदेत होता, १९१६ साली इथेच वारला. त्याच्या माणकांबद्दल आजीने ज्या गोष्टी सांगितल्या त्यातल्या निम्म्या तिने रचल्या असतील. पण थिबा पॅलेस उभा आहे, जाऊन भिंतीला हात लावता येतो. गोष्टीवर कितीही मजले चढवा, खाली जोतं हवं. लाओ-त्सुनचं जोतं अजून कुणी दाखवलेलं नाही. मी बोकोबांच्या बाजूने.

तर्कटपंत
मी विरोधात. १९१९ साली ऑग्युस्त पावी हा फ्रेंच मुत्सद्दी आणि एका इंग्रज अधिकाऱ्याला मठातून मांजरांची जोडी भेट मिळाली, असंही सांगतात. पावीचा जन्म १८४७चा, म्हणजे तेव्हा बहात्तरीचा म्हातारा. खोटं असेल, मान्य. पण प्रत्येक लोककथा कधीतरी कुणीतरी रचलेलीच असते. हिला शंभर वर्षं झाली. दुसऱ्या महायुद्धानंतर या जातीची म्हणे एकच जोडी उरली होती, ओर्लोफ आणि झेनिया. इतर जातींशी संकर करून वंश पुन्हा उभा केला, १९६६मध्ये इंग्लंडनेही मान्यता दिली. एवढा खटाटोप लोकांनी निळ्या डोळ्यांसाठी केला तसाच त्या देवीसाठीही केला असेल. नुसत्या एन्झाइमसाठी कोण करतो?

खवचट_बोका
पंत, हा मुद्दा लागला. पण मग ती फ्रेंच लोककथा म्हणा की! ब्रह्मी लोकांच्या गळ्यात का? त्या भागाची स्वतःची मांजरकथा काय कमी आहे? थायलंडच्या जुन्या हस्तलिखितांत शुभ-अशुभ मांजरं चित्रांसकट, पद्यात वर्णिली आहेत. आणि ज्या मांजरीचं ब्रह्मदेशाशी नातं बऱ्यापैकी पक्कं आहे ती वेगळीच, बर्मीज. वाँग माऊ नावाची तपकिरी मांजर १९३० साली सॅन फ्रान्सिस्कोला नेली, तिच्यापासून ती जात आली. तिला ना देवी, ना पुजारी. बिचारीला कुणी पत्रक छापत नाही.

माऊची_आई
म्हणजे तिच्यासाठी एक गोष्ट रचायला हरकत नाही. मी बसते आज रात्री.

कुशीवर_ठिपका
रचा, पण मागचे पाय विसरू नका. बर्मनच्या मागच्या पायांवर पांढरा पट्टा टाचेवर टोकदार होत चढतो. मुन-हाच्या अंगावर नुसते पंजे टेकवून ते टोक कसं आलं, याचं उत्तर त्या पत्रकात नाही.

माऊची_आई
बोका उकिडवा बसला होता!

खवचट_बोका
😂 बहिणीला कळवतो. पुढच्या आवृत्तीत घालायला सांगेल.