‘बिलिगे ग्नाडे’: फुकटची कृपा की सवंग कृपा?

प्रश्न: डीट्रिख बोनहोफर या जर्मन लूथरन धर्मशास्त्रज्ञावर लिहीत आहे. त्याच्या ‘चीप ग्रेस’साठी मी ‘फुकटची कृपा’ असं लिहिलं आहे. चालेल का? आणि त्याच्या विरुद्धच्या ‘कॉस्टली ग्रेस’ला काय म्हणावं?

उत्तर: ‘फुकटची’ नको. प्रॉटेस्टंट सुधारणेचा प्रणेता मार्टिन लूथर याच्या शिकवणीचा कणाच हा की देवाची कृपा फुकट मिळते, पुण्याईने ती कमावता येत नाही. मराठी बायबलमध्ये रोमकरांस पत्राच्या तिसऱ्या अध्यायात माणसं देवाच्या कृपेने ‘विनामूल्य’ नीतिमान ठरतात. बोनहोफर पक्का लूथरन. त्याला ही शिकवण खोडायची नव्हती. तुम्ही ‘फुकटची’ हा शब्द दोष म्हणून वापरलात, तर तो लूथरच्याच विरोधात उभा राहिला असा समज होईल.

मूळ जर्मन शब्द ‘बिलिगे ग्नाडे’. त्यातल्या विशेषणाचा जुना अर्थ ‘रास्त, न्याय्य’. रास्त भावाचं ते स्वस्त, आणि स्वस्त ते हलकं, अशी त्याची घसरण झाली. मराठीत ‘सवंग’ची गत साधारण तशीच. संस्कृत ‘महार्घ’चा ‘महाग’ झाला आणि ‘समर्घ’चा ‘सवंग’. महाग-सवंग ही जुनी जोडी. आज मंडईत भाजी सवंग मिळाली असं क्वचितच कोणी म्हणेल. आता लोकप्रियता सवंग असते, घोषणा सवंग असतात. भावाचा अर्थ मागे पडला आणि ‘स्वतः काहीही न झिजता पदरात पाडलेलं’ हा अर्थ उरला. बोनहोफरला हेच म्हणायचं आहे. ‘स्वस्त कृपा’ चुकीचं नाही, पण त्यात नुसता भाव कळतो, धिक्कार कळत नाही.

‘नाख्फोल्गे’ (१९३७) या पुस्तकाच्या पहिल्याच प्रकरणाच्या आरंभी तो सांगतो की सवंग कृपा ही आपल्या मंडळीची (चर्चची) हाडवैरी आहे. पश्चात्तापाविना क्षमा, शिस्तीविना बाप्तिस्मा, पापकबुलीविना प्रभुभोजन. पाप्याला नव्हे, पापालाच नीतिमान ठरवणं. पुढे तो जर्मन कवी गटे याच्या नाटकातल्या फाउस्टचा दाखला देतो. आयुष्यभर ज्ञानाच्या मागे लागून फाउस्ट शेवटी म्हणतो, आपल्याला काहीच कळू शकत नाही. हेच वाक्य पहिल्या सत्रातल्या विद्यार्थ्याने आळस झाकण्यासाठी म्हटलं, तर शब्द तेच, पण ते खोटे. ‘केवळ कृपेने’ हे लूथरच्या बाबतीत मठातल्या झगड्याअंती हाती आलेलं उत्तर होतं. अनुयायांनी ते गृहीतक केलं आणि हिशोब मांडायचाच सोडून दिला. मला हे त्या पुस्तकातलं सर्वांत धारदार पान वाटतं.

हे शब्द कुठे घडले तेही लेखात यायला हवं. बोनहोफरचा जन्म १९०६चा, ब्रेस्लाऊचा (आताचं पोलंडमधलं व्रोत्सुआफ). वडील नामवंत मनोविकारतज्ज्ञ. एकविसाव्या वर्षी डॉक्टरेट, मग बर्लिन विद्यापीठात अध्यापन. १९३३मध्ये हिटलर आला आणि ज्यू वंशाच्या पाळकांना (पास्टरांना) पदावरून दूर करण्याचा नियम प्रॉटेस्टंट मंडळीतच पुढे रेटला गेला. रविवारची उपासना, बाप्तिस्मे, प्रभुभोजन सगळं यथासांग चालू होतं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्याने लिहिलं की राज्यसत्तेच्या चाकाखाली सापडलेल्यांना मलमपट्टी करून मंडळी थांबू शकत नाही, वेळ आली तर चाकच अडवावं लागेल. ‘सवंग’ या शब्दातला राग इथला आहे. तो बाजूला ठेवून नुसता धर्मशास्त्रीय अर्थ दिलात तर लेख निर्जीव होईल.

१९३५पासून त्याने श्टेटिनजवळ (आताचं पोलंडमधलं श्चेचिन) फिंकेनवाल्डे इथे नाझींना न जुमानणाऱ्या ‘कन्फेसिंग चर्च’च्या भावी पाळकांना शिकवलं, पुस्तकाचा पाया तिथली व्याख्यानं आहेत. शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र राहत, प्रार्थना करत, एकमेकांपाशी पापकबुली देत. त्याआधी त्याला गांधीजींकडे येऊन आश्रमातलं सामूहिक जीवन पाहायचं होतं. गांधीजींनी १ नोव्हेंबर १९३४च्या पत्रात या म्हणून कळवलंही होतं. तेव्हा गांधीजींचं ठाणं वर्ध्याला होतं. फिंकेनवाल्डेची जबाबदारी आली आणि तो बेत राहून गेला. सप्टेंबर १९३७मध्ये गेस्टापोने (नाझींच्या गुप्त पोलिसांनी) ते विद्यालय बंद पाडलं.

आता ‘टॉयरे ग्नाडे’, म्हणजे तुमची ‘कॉस्टली ग्रेस’. इथे ‘महाग कृपा’ करू नका. ‘महाग’मध्ये परवडत नसल्याची तक्रार आहे. ‘मोलाची कृपा’ म्हणा. करिंथकरांस पहिल्या पत्रात लूथरच्या भाषांतरात ‘टॉयर’ हाच शब्द आहे, आणि मराठी बायबलमध्ये तिथे ‘मोलाने विकत घेतलेले’ असं आहे. बोनहोफर त्या वचनाकडेच बोट दाखवतो: देवाला पुत्राचं मोल द्यावं लागलं, ते माणसाला सवंग कसं असेल? शेतातली ठेव आणि ‘मोलवान’ मोती हे दृष्टान्तही तो इथेच देतो. ‘मोल’ घेतलंत की हे सगळे धागे मराठीत आपोआप जुळतात.

प्रश्न: आभारी आहे. पुस्तकाच्या नावाचं काय? ‘द कॉस्ट ऑफ डिसायपलशिप’ या इंग्रजी नावावरून ‘शिष्यत्वाची किंमत’ करावं का?

उत्तर: जर्मन नावात किंमत नाहीच. ‘नाख्’ म्हणजे मागे, ‘फोल्गे’ म्हणजे मागोमाग जाणं. ‘अनुसरण’ हा त्याला अगदी चपखल शब्द. ‘अनुयायित्व’ घेऊ नका, त्याला आता पक्ष आणि नेते यांचा वास येतो. मजकुरात मात्र ‘मागे जाणं’ हे साधं क्रियापदच ठेवा. येशू जकातनाक्यावरच्या लेवीला ‘माझ्यामागे ये’ म्हणतो आणि तो उठून जातो. मध्ये कारण नाही, चर्चा नाही. बोनहोफरचा सगळा भर त्या उठण्यावर आहे. ‘शिष्यत्व’ म्हटलं की ते बसून शिकणं वाटतं.

एक जोड द्या. १९३९च्या उन्हाळ्यात तो न्यूयॉर्कला सुरक्षित होता, काही आठवड्यांत परतला. ५ एप्रिल १९४३ला अटक झाली. हिटलरवरचा हल्ला फसल्याच्या दुसऱ्या दिवशी, २१ जुलै १९४४ला, त्याने तुरुंगातून मित्र एबरहार्ड बेटगे याला लिहिलं की या पुस्तकातले धोके आता मला स्पष्ट दिसतात, तरी जे लिहिलं त्याच्याशी मी आजही बांधील आहे. ९ एप्रिल १९४५ला फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिली. वय ३९. हे पत्र लेखातून वगळू नका. पुस्तक एवढ्या निःशंक स्वरात बोलतं की लेखकाने पुढे त्यावर पुन्हा विचार केला होता हे वाचकाला एरवी कळणार नाही.