जळगावची डिग्री जर्मनीत चालत नाही म्हणे, खरं आहे का?

पारोळेकर_मेक:
नमस्कार मंडळी. मी पारोळ्याचा, बीई मेकॅनिकल, 2016 ला ॲडमिशन आणि 2020 ला पास, कॉलेज उमविचं, म्हणजे जळगावच्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाचं. सध्या चाकणला जॉब चालू आहे पण आता जर्मनीत मास्टर्स करायचं डोक्यात बसलंय. अडचण अशी की सुरुवातीच्या मार्कशीटवर नॉर्थ महाराष्ट्र युनिव्हर्सिटी छापलंय आणि नंतरच्या मार्कशीट न डिग्रीवर कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. एका कन्सल्टन्सीत गेलो तर तो म्हणे तिकडे ही दोन वेगळी विद्यापीठं धरतात, आणि तसंही जळगावची डिग्री बाहेर चालतच नाही, पुणे मुंबई असती तर गोष्ट वेगळी होती. मग म्हणे दिल्लीहून इक्विव्हॅलन्स सर्टिफिकेट, म्हणजे डिग्री तिकडच्या बरोबरीची आहे असा दाखला, काढून देतो, 40 हजार लागतील. वडील म्हणतात देऊन टाकू, कापसाचे पैसे आलेत. मला काही पटत नाहीये पण घरात बाहेर गेलेलं कोणीच नाही, विचारू कोणाला? मार्क 68 टक्के, मधे केटी पण लागल्या होत्या, म्हणजे काही विषय राहून परत द्यावे लागले. आणि मार्कशीटवर आडनाव आधी, पासपोर्टवर शेवटी, ते पण चालतं का ते सांगा.

भुसावळ_टू_बर्लिन:
भो, 40 हजार खिशातच ठेव आधी. दिल्लीहून जे इक्विव्हॅलन्स निघतं ते उलट्या दिशेचं असतं, म्हणजे परदेशातली डिग्री घेऊन भारतात आलेल्याला लागतं. ते पूर्वी एआययू, म्हणजे भारतीय विद्यापीठांची संघटना, द्यायची, 2025 मध्ये यूजीसीने त्याचे नवीन नियम काढले. तुझी भारतातली डिग्री जर्मनीत धरायची का नाही ते जर्मनीवाले ठरवणार, दिल्लीवाला कशाला ठरवेल?

तुला एपीएस सर्टिफिकेट लागेल, एपीएस म्हणजे जर्मनांचं कागद तपासणारं ऑफिस. 1 नोव्हेंबर 2022 पासून भारतातून स्टुडंट व्हिसाला ते कंपल्सरी आहे, फी मी पाहिली तेव्हा 18,000 होती आणि अर्ज स्वतःचा स्वतः भरता येतो, एजंटची गरज नाही. एपीएसवाले तुझे कागद खरे आहेत का आणि तू तिथे शिकायला पात्र आहेस का एवढं तपासतात. विद्यापीठासाठी अनाबिन नावाची जर्मनांची फुकट वेबसाइट आहे, त्यात इंडिया निवडून विद्यापीठाचं नाव टाक, कॉलेजचं नको, आपली कॉलेजं संलग्न असतात त्यामुळे कॉलेज शोधलं की सापडत नाही आणि पोरं घाबरतात. नावापुढे एच प्लस असलं म्हणजे ती संस्था मान्य, एच मायनस म्हणजे नाही.

आणि खरी गोची कुठे आहे सांगू का, मान्यतेत नाहीच, ती आहे मार्कात आणि सिलॅबसमध्ये. तिकडे 1 म्हणजे बेस्ट आणि 4 म्हणजे काठावर पास, आणि आपले टक्के ते एका फॉर्म्युल्याने फिरवतात: शंभरातून तुझे टक्के वजा कर, त्याला शंभर वजा पासिंगने भाग, तीनने गुण आणि वर एक मिळव. पासिंग 40 धरलं तर तुझे 68 म्हणजे 2.6. बऱ्याच कोर्सला 2.5 ची अट असते म्हणजे बरोबर 70 टक्के, तू थोडक्यात बाहेर राहतोस. अट नसलेले किंवा सैल असलेले कोर्स पण भरपूर आहेत, ते बघ. इंजिनिअरिंगला शंभरातले शंभर कोणाला पडतात हा प्रश्न मी पण विचारला होता, कोणी उत्तर देत नाही.

दुसरं म्हणजे ते विषयवार क्रेडिट मोजतात. मॅथ्सचे एवढे, मेकॅनिक्सचे एवढे, थर्मोचे एवढे, असं कोर्सच्या पेजवर लिहिलेलं असतं. तिकडे एका वर्षाचे 60 क्रेडिट धरतात आणि एक क्रेडिट म्हणजे 25 ते 30 तासांचा अभ्यास, लेक्चर न घरचा अभ्यास दोन्ही मिळून. आपल्या मार्कशीटवर नुसतं विषयाचं नाव आणि मार्क, त्यावरून त्यांना कळत नाही आत काय शिकवलं. म्हणून तुझ्या बॅचचा सिलॅबस, 2016 ला ॲडमिशन घेतलेल्यांना जो लागू होता तोच, आत्ताचा नाही, तो विद्यापीठाकडून किंवा कॉलेजातून सही-शिक्क्याचा घेऊन ठेव. माझा एक मित्र 74 टक्के घेऊन रिजेक्ट झाला कारण त्याने सिलॅबसच जोडला नव्हता आणि मॅथ्सचे क्रेडिट कमी पडले असं मेलमध्ये आलं.

केटीवाल्या मार्कशीटा पण सगळ्या लाव, लपवायला जाऊ नको.

धुळेकर_सर (निवृत्त):
मी जुना माणूस, माझ्या डिग्रीवर पुणे विद्यापीठ आहे कारण उमवि 1990 ला झालं, त्याआधी खान्देशातली कॉलेजं पुण्याकडेच होती. पुढे 2014 ला पुण्याचंच नाव सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, तर काय आमच्या डिग्र्या रद्दी झाल्या का? मुंबईचंही बॉम्बेचं मुंबई झालं. नामांतर कायद्याने होतं, संस्था तीच राहते. उमविचं नाव 2018 ला बदललं, त्या बदलाची अधिसूचना काढून सोबत जोडायची, आणि ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या मार्कांचा विद्यापीठाचा एकत्र उतारा, मागताना त्यावर दोन्ही नावं येतील असं बघायचं, विषय संपला.

जाता जाता एक सांगतो. युरोपात 1997 चा लिस्बनचा करार आहे, त्यात तत्त्व असं की बाहेरची पदवी नाकारायची असेल तर तिच्यात मोठा फरक आहे हे नाकारणाऱ्याने दाखवायचं. भारत त्यात नाही, पण जर्मन माणसाला ती सवय लागलेली आहे, म्हणून रिजेक्शन आलं तर कारण विचारायचं, लाजायचं नाही, उत्तर येतं. आपल्या पोरांना वाटतं साहेबाने नाही म्हटलं की झालं. आणि ॲडमिशनसाठी मान्यता वेगळी आणि त्या देशात धंदा करायचं लायसन्स वेगळं. 2022 ला ब्रिटनशी आपला पदव्या मान्य करायचा करार झाला, पेपरात मोठं आलं होतं, पण त्यात इंजिनिअरिंग, मेडिकल, नर्सिंग, फार्मसी, वकिली वगळलेलं आहे हे कोणी वाचलं नाही.

नंदुरबारचा_मामा:
मध्येच विचारतो, माफ करा. भाच्याला नीटमध्ये मार्क कमी आलेत पण पास आहे, एमबीबीएसला किर्गिझस्तानला पाठवायचं चाललंय, एजंट म्हणतो कॉलेज डब्ल्यूएचओ मान्य आहे म्हणून टेन्शन नाही. बरोबर का?

भुसावळ_टू_बर्लिन:
मामा, डब्ल्यूएचओ कुठल्या कॉलेजला मान्यता देतच नाही, पूर्वी नुसती यादी असायची तेवढी, त्यावर जाऊ नका. भारतात प्रॅक्टिस करायची तर एनएमसीचे, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचे, नोव्हेंबर 2021 चे नियम बघा: कोर्स किमान 54 महिन्यांचा, त्यानंतर 12 महिन्यांची इंटर्नशिप त्याच संस्थेत, शिकवणं इंग्रजीत, आणि त्या देशात डॉक्टर म्हणून रजिस्टर होता येईल अशी डिग्री. सगळं 10 वर्षांच्या आत. परत आल्यावर इथली परीक्षा पास करायची आणि इथेही 12 महिन्यांची इंटर्नशिप. यातलं एक जरी हुकलं तरी पोरगं इथे लटकतं. एजंटला म्हणा हे चार मुद्दे कॉलेजच्या लेटरहेडवर लिहून दे, तिथेच कळेल.

पारोळेकर_मेक:
सगळ्यांना धन्यवाद, सरांना स्पेशल. अनाबिन उघडलं, जर्मन भाषेत आहे पण ब्राउझरनेच ट्रान्सलेट करून दिलं. कन्सल्टन्सीवाल्याला फोन केला की इक्विव्हॅलन्स नेमकं कोणत्या ऑफिसचं, तर म्हणतो तुम्हाला पाहिजे नसेल तर राहू द्या. नावाचं तेवढं राहिलं.

चोपड्याची_ताई:
आडनाव आधी असल्याने माझं काही अडलं नाही, महाराष्ट्रातल्या सगळ्यांचंच तसं असतं. स्पेलिंगमध्ये फरक असेल तर मात्र ॲफिडेव्हिट करून घे, नोटरीकडे काम होतं. माझ्या बारावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावात एक ए जास्त होता, त्यावर मला मेल आली होती. ट्रान्स्क्रिप्टचे चार-पाच सेट एकदमच माग, नंतर परत चक्कर नको. आणि ब्लॉक्ड अकाउंटचं, म्हणजे तिकडच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायच्या खात्याचं, घरी आत्ताच सांगून ठेव, वर्षाला 11,904 युरो दाखवावे लागतात, कापसाचे पैसे तिकडे लागतील.

पारोळेकर_मेक:
बापरे. अकाउंटचं आज रात्री जेवताना काढतो. ट्रान्स्क्रिप्टसाठी सोमवारी सुट्टी टाकलीये, जळगावच्या गाडीत बसून उमविला उतरतो. सिलॅबस कोणत्या सेक्शनला मिळतो कोणाला माहिती असेल तर सांगा.

भुसावळ_टू_बर्लिन:
आधी कॉलेजात तुझ्या एचओडीला भेट, त्यांच्याकडे पीडीएफ असते. प्रिंट काढून मगच विद्यापीठात सहीला ने. आपला पोरगा जर्मनीले जाई ऱ्हायना, भारी शे भाऊ.