मदत हवी आहे : कॅनडात घरातल्या कुंडीतलं लिंबू पानं गाळतंय. पाणी द्यावं की ताण?

संत्रापट्टा :

नमस्कार मंडळी. आम्ही वरूड तालुक्यातले, घरची संत्र्याची बाग आहे. प्रश्न मात्र बागेचा नाही, एका कुंडीचा आहे, आणि ती कुंडी आहे कॅनडात, कॅलगरीला, माझ्या ताईकडे.

ताईनं मागच्या उन्हाळ्यात तिथल्या नर्सरीतून मेयर लिंबाचं झाड आणलं. कमरेएवढं. उन्हाळाभर घरामागे उन्हात होतं, फुललं, लिंबंही धरली. सप्टेंबरात रात्री गार व्हायला लागल्या तसं आत घेतलं आणि दक्षिणेच्या मोठ्या खिडकीत ठेवलं. खिडकीची काच थेट जमिनीपर्यंत आहे आणि कुंडी टाइल्सवर आहे. डिसेंबरपर्यंत सगळं ठीक होतं. मग पानं गळायला लागली. पिवळी पडून नाही, हिरवीच्या हिरवी. हात लागला की पान टपकन खाली, आणि देठाचा तुकडा तेवढा फांदीलाच राहतो. व्हिडिओ कॉलवर बघितलं तर काचेकडची बाजू जवळजवळ उघडी पडली आहे, खोलीकडच्या बाजूला बऱ्यापैकी पानं आहेत. फांदी नखानं खरवडून बघ म्हटलं, तर आत हिरवी ओल आहे. म्हणजे झाड जिवंत आहे.

आता घरात दोन पक्ष झालेत. बाबा म्हणतात, झाड आपसूक ताणावर गेलंय, जाऊ द्या. पाणी तोडा, महिन्यानं सोडा, आंबिया म्हणजे संत्र्याचा जानेवारीतला बहार फुटतो तसं फुटेल. त्यांची हयात बागेत गेली, त्यांच्यापुढे आपण काय बोलणार. ताई म्हणते, झाड तहानलेलं दिसतंय, म्हणून ती रोज थोडं थोडं पाणी घालते. माती वरून ओली आहे, तरी उरलेली पानं मलूल. ओल्या मातीत उभं झाड तहानलेलं कसं, हे काही मला उमगत नाही.

बाहेर उणे वीसच्या आसपास. घरात हीटर, एकवीस-बावीस अंश. कुंडी प्लास्टिकची, फूटभर रुंद, खाली ताटली. पाणी नळाचं, आणि तिच्या किटलीत पांढरा थर बसतो, म्हणजे जड असावं. खत हिवाळ्यात दिलेलं नाही. कीड दिसली नाही, पण फोनवर कितीसं दिसणार.

पाणी द्यायचं की तोडायचं, एवढं सांगा. बाबांना समजेल असं सांगितलं तर उपकार होतील.

काळीमाती :

काकाजींचा अनुभव खोटा नाही, पण तो कुंडीला लागू होत नाही. आंबियाचा ताण आपण देतो तो भारी जमिनीतल्या, मुळं खोल गेलेल्या मोठ्या झाडाला. काळी माती ओल सोडायला कितीतरी दिवस घेते. झाड हळूहळू थांबतं, पानं थोडी सुकतात, थोडी गळतात आणि मग जानेवारीत ओलीत केलं की फुलोरा येतो. कुंडीत असते नर्सरीची हलकी माती, कोकोपीट नाहीतर सालीचे तुकडे. ती ताण देत नाही, सरळ वाळते. फूटभर कुंडीत मुळी ओल शोधायला जाईल तरी कुठं?

शिवाय मेयरला फुलायला ताणाची गरजच नसते. ते वर्षात दोन-तीनदा आपल्या मनानं फुलतं.

वर्धेकर :

त्यापेक्षा आपलं नागपुरी संत्रंच पाठवा ना ताईला! नागपूरच्या केंद्रीय लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेत रोगमुक्त कलमं मिळतात. जंभेरी लिंबाच्या खुंटावर बांधलेलं कलम, चांगलं दणकट.

काळीमाती :

वर्धेकर भाऊ, मातीसकट रोप विमानातून नेता येत नाही, तिथल्या विमानतळावरच जप्त होईल. आणि बी नेऊन लावलं तर बियाचं संत्रं शेतातसुद्धा फळावर यायला सहा-सात वर्षं घेतं. खिडकीत तर विचारूच नका.

उणेतीस :

मी मूळचा दारव्ह्याकडचा, आता बरीच वर्षं मिनेसोटात आहे. हिवाळा कॅलगरीसारखाच. माझ्याकडे कुंडीत मेयर आणि कॅलामाँडिन (छोट्या आंबट फळांचं लिंबूवर्गीय झाड) दोन्ही आहेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हा रोग नाही आणि ताणही नाही. तुमच्या ताईच्या झाडाला वर उन्हाळा आहे आणि खाली हिवाळा.

लिंबूवर्गीय झाडाची मुळी साधारण १३ अंशांखाली काम थांबवते. ओल असली तरी ओढत नाही. आपल्याकडे जानेवारीच्या रात्री हवा आठ-दहावर उतरली तरी जमीन आतून एवढी गार होत नाही, म्हणून वरूड-मोर्शीत हा प्रकार बघायला मिळत नाही. तिथं मात्र कुंडी गार टाइल्सवर, शेजारी जमिनीपर्यंतची काच, काचेबाहेर उणे वीस. खोली बावीसची असली तरी ती हवा आपल्या डोक्याशी असते. कुंडी ज्या कोपऱ्यात बसली आहे तिथला हिशोब वेगळा. त्यात दुपारी दक्षिणेचं ऊन काचेतून थेट पानांवर येतं. पान तापतं, पाणी मागतं, मुळी देत नाही. मग झाड पानच टाकून देतं. काचेकडचीच बाजू उघडी का पडली, याचं उत्तर यातच आहे. आणि ओल्या मातीत झाड तहानलेलं कसं, याचंही.

त्यात नळाचं गार पाणी रोज थोडं थोडं घालणं म्हणजे मुळी आणखी गार करणं. माती कधी सुकतच नाही. असं फार दिवस चाललं तर मूळकूज. बागेत डिंक्या, म्हणजे खोडातून डिंक गळणारा रोग, ज्या बुरशीमुळे होतो, तीच बुरशी कुंडीतल्या साचलेल्या पाण्यातही मुळं खाते. काकाजींना डिंक्या म्हटलं की बाकी सांगावं लागणार नाही.

आधी एक काम करा. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर सकाळी ऊन यायच्या आत कुंडीच्या मातीत मधोमध खुपसून आकडा सांगा. बाकी नंतर.

गच्चीबाग अमरावती :

वाचतेय. हे मला नवीनच आहे. आमच्याकडे पानं गळली की आम्ही आधी पाण्याच्या नावानं बोटं मोडतो.

संत्रापट्टा :

उणेतीस दादा, ताईनं मांस भाजताना वापरायचा थर्मामीटर खुपसला. खोलीत २१, मातीत ११! बाबा तेव्हा कॉलवरच होते. थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मुळी झोपली हाये तं पाणी कोनाले पाजून राह्यली थे?" त्यांचं पटलं असं मी समजतो. पण लगेच पुढचा प्रश्न: मग उठवायची कशी?

उणेतीस :

काकाजींनी माझ्या दहा ओळींचं काम एका वाक्यात केलं.

उठवायची अशी. कुंडी टाइल्सवरून उचला. लाकडी स्टूल, नाहीतर जाड थर्माकोलचा तुकडा, काहीही चालेल, फक्त फरशीचा स्पर्श तुटला पाहिजे. काचेपासून दीड-दोन फूट आत घ्या. तिथल्या बागेच्या दुकानात रोपांच्या ट्रेखाली ठेवायची गरम चटई मिळते, ती कुंडीखाली ठेवली तर काम लवकर होतं, पण आधी स्टूलवर काय फरक पडतो ते बघा. मातीचा आकडा अठरा-वीसवर आला की मुळी चालू झाली समजा. तोवर दुपारचं थेट ऊन पातळ पडद्यानं थोडं अडवा. ऊन वाईट म्हणून नाही, मुळी तयार नाही म्हणून.

पाणी रोज नाही. बोट दोन इंच खाली घालून बघायचं, कोरडं लागलं तरच. त्याहून सोपं म्हणजे कुंडी उचलून बघायची, हलकी लागली की द्यायचं. द्यायचं ते कोमट, खालून निथळेपर्यंत, आणि ताटलीत उतरलेलं ओतून टाकायचं. ताटलीत पाणी ठेवायचं नाही, ही गोष्ट ताईला दोनदा सांगा.

दुसरा रस्ताही आहे, तोही सांगून ठेवतो. झाड आठ-दहा अंशांच्या, गोठणार नाही अशा गार खोलीत ठेवायचं, उजेड बेताचा, पाणी अगदी कमी. वरही हिवाळा, खालीही हिवाळा, झाड शांत. युरोपात राजेरजवाड्यांनी हेच केलं. व्हर्सायच्या राजवाड्यात १६८४ ते १६८६ मध्ये संत्र्यांसाठी भलंमोठं दगडी दालन बांधलं. जाड भिंती, दक्षिणेला उंच खिडक्या. लाकडी पेट्यांतली झाडं हिवाळाभर आत, मे महिन्यात बाहेर. आजही तसंच चालतं. पण ताईच्या घरी गार खोली असेल तर ती गॅरेजच असणार आणि तिथं खिडकी नसते. त्यामुळे तिच्यासाठी पहिलाच रस्ता बरा. दोन्हीची भेसळ करायची नाही, एवढंच.

नळावरचीबाई :

पाण्याचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. किटलीत थर बसतो ते पाणी वर्षभर घातलं की माती चुनखडीच्या अंगानं जाते. नवी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या, चुनखडीच्या रानातल्या बागेत दिसतं तसंच. आज दिसत नसलं तरी पुढे दिसेल. कॅनडात बर्फाला काय तोटा? अंगणातला स्वच्छ बर्फ बादलीत भरून घरात वितळू द्यायचा आणि पाणी खोलीइतकं झालं की वापरायचं. रस्त्याकडेचा बर्फ मात्र घ्यायचा नाही, तिथं मीठ टाकलेलं असतं. घरात पाणी मऊ करायचं यंत्र असेल तर त्याचंही पाणी झाडाला नको, त्यातही सोडियम असतो.

आणि कोळी ही बारीक कीड तपासा. हीटरनं हवा कोरडी पडली की घरातल्या लिंबावर लाल कोळी येतोच. फोनवर दिसणार नाही. पानाखाली पांढरा कागद धरून पान झटकायचं, कागदावर ठिपके चालायला लागले की समजायचं. निघालाच तर न्हाणीघरात नेऊन कोमट पाण्याच्या फवाऱ्यानं पानं खालच्या बाजूनं धुवायची, आठवड्यानं पुन्हा. औषधाची घाई नको, झाड घरात आहे आणि लिंबं खायची आहेत.

काळीमाती :

उजेडाचंही बघा. आपल्याकडे डिसेंबरातला लहानात लहान दिवसही जवळपास अकरा तासांचा. कॅलगरीत तो आठ तासांचाही जेमतेम. गळालेली पानं भरून काढायला एवढा उजेड पुरणार नाही. पांढरा एलईडी दिवा झाडावर फूट-दीड फूट उंच, टायमर लावून रोज बारा तास. पण उणेतीस म्हणतात ते आधी, दिवा नंतर. मुळी गार असताना वरून उजेड वाढवला तर गळ वाढेल.

लिंबं किती आहेत हो? पानं अर्ध्यावर आली असतील तर बार हलका करा, म्हणजे काही लिंबं काढून टाका.

संत्रापट्टा :

पाच लिंबं आहेत. तीन पिवळी झालीत, दोन अजून हिरवी. बाबाही तेच म्हणाले, एवढ्याशा पानांवर एवढा बार कशाला. ताई काढायला तयार नाही, पोरं रोज मोजतात म्हणे.

आणि एक. खोडाजवळून खालून सरळसोट फांदी निघाली आहे. बाबांनी स्क्रीनवर बोट ठेवून सांगितलं, पाणसोट आहे, नुसती वाढणारी फांदी, कापा. कापायची का?

उणेतीस :

पिवळी झालेली तीन काढून खा, मेयर झाडावर ठेवून फार गोड होत नाही. हिरवी दोन राहू द्या पोरांसाठी, आम्ही काही बघितलं नाही.

फांदी आत्ता कापू नका. आधी खोड बघा. डोळा बांधल्याची गाठ असेल आणि फांदी तिच्याखालून निघाली असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्यावर कलम बांधलं त्या खालच्या झाडाची, कापाच. पण मेयर पुष्कळदा कलम न करता छाटावरूनच वाढवतात. गाठ नसेल तर ती मेयरचीच फांदी आहे आणि या घडीला पानं असलेली प्रत्येक फांदी कामाची आहे. उघड्या पडलेल्या फांद्याही मार्च-एप्रिलपर्यंत तशाच ठेवा, बऱ्याच फुटतात. ज्या वाळून तपकिरी होतील तेवढ्याच काढायच्या.

मेयर हे आपलं कागदी लिंबू नव्हे, हेही काकाजींना सांगा. फ्रँक मेयर नावाच्या माणसानं १९०८ मध्ये चीनमधून अमेरिकेत नेलेला तो संकर आहे, त्यात संत्र्याच्या कुळाचा अंश आहे. साल पातळ, आंबटपणा कमी. कागदीपेक्षा थंडी थोडी जास्त सोसतं, म्हणून आमच्याकडे घरोघरी हेच.

संत्रापट्टा :

उशिरा लिहितोय, बागेत ओलिताची धांदल होती. ताईनं कुंडी स्टूलवर घेतली, खाली थर्माकोल. माती आता सकाळी १८ दाखवते. गळ थांबली. उघड्या फांद्यांवर डोळे फुगलेत, दोन ठिकाणी मोहरीएवढी हिरवी फूट दिसते. कोळी निघाला होता, कागदाची युक्ती लागू पडली, दोनदा धुतलं. खोडावर गाठ सापडली नाही, म्हणून ती फांदी ठेवली. बाबांना ते अजून रुचलेलं नाही.

त्यांचे दोन प्रश्न आहेत. खत कधी आणि बाहेर कधी?

उणेतीस :

फूट बोटभर झाली, पानं उघडली की मग खत. त्याआधी नाही. लिंबूवर्गीयांचं म्हणून मिळतं ते घ्यायचं, नत्र जास्त आणि सोबत लोह, जस्त, मँगनीज असलेलं, आणि पाकिटावर लिहिलंय त्याच्या अर्ध्या मात्रेनं सुरुवात. कोरड्या मातीत कधीच नाही, आधी पाणी.

बाहेर जूनच्या आधी नको. कॅलगरीत मे महिन्यातही रात्री गोठतं. रात्रीचं तापमान दहाच्या वर टिकायला लागलं की आधी आठ-दहा दिवस पूर्ण सावलीत, मग सकाळचं ऊन, मग पूर्ण. आतली पानं एकदम उन्हात गेली की पांढरी पडून भाजतात आणि ताईचा पुन्हा फोन येईल.