लॉगआउटनंतर कुकी जात नाही? आधी पाथ बघा
एका भाऊंनी विचारलंय की जावाच्या साइटमध्ये कुकीचं (साइटनं ब्राउझरमध्ये ठेवलेली छोटी नोंद) आयुष्य ठरवणारं सेटमॅक्सएज शून्य दिलं तरी लॉगआउटनंतर कुकी ब्राउझरमधून जात नाही. बहुतेक पाथचा (साइटच्या कुठल्या भागात कुकी चालते तो पत्ता) घोळ असणार, कुकी बनवताना पाथ नुसता स्लॅश दिला असेल आणि उडवताना दिलाच नसेल तर ब्राउझर तिला वेगळीच कुकी समजतो आणि जुनी तिथेच ठाण मांडून बसते. नाव, पाथ, डोमेन तिन्ही सेम पाहिजे. एफ१२ दाबून कुकीजच्या यादीत पाथचा कॉलम बघा, लगेच कळेल.

आणि नुसती कुकी उडवून भागत नाही हं, सर्व्हरवर सेशन (लॉगिन केलेल्या यूजरची सर्व्हरनं ठेवलेली माहिती) जिवंतच असतं, ते संपवणारं इनव्हॅलिडेट कॉल कराच. सेशन आपोआप कधी संपतं तेही बघा: आमच्याकडे पिंपळगावच्या एका द्राक्षवाल्याची ऑर्डर साइट आहे, तिथे लोक अर्धा फॉर्म भरून चहाला जातात, परत आले की सेशन गायब, कारण टॉमकॅटचा (जावाच्या साइट चालवणारा सर्व्हर) डिफॉल्ट टाइमआउट ३० मिनिटं. वेब डॉट एक्सएमएल या सेटिंगच्या फाइलमध्ये हा आकडा मिनिटांत असतो, पण कोडमधून तोच टाइमआउट ठरवणारं सेटमॅक्सइनअॅक्टिव्हइंटरव्हल सेकंदांत घेतं (हे असं का ते देव जाणे), तिथे ६० टाकलं की मिनिटभर शांत बसलेला यूजर बाहेर. जेसेशनआयडी या सेशनच्या कुकीला टॉमकॅट ७ पासून एचटीटीपीओन्ली (पानावरच्या जावास्क्रिप्टला कुकी वाचू न देणारी खूण) आपोआप लागतं, स्वतःच्या कुकीला मात्र हातानंच लावावं लागतं.