ब्लेड रनरच्या पुढच्या कादंबऱ्या घेऊ का नको? (रविवारच्या आत सांगा)

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथं नुसता वाचून जातो, धागा पहिल्यांदाच काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

प्रश्न एवढाच आहे की ब्लेड रनर पिक्चरच्या पुढच्या कादंबऱ्या कुणी वाचल्यात का आणि त्या वाचण्यासारख्या आहेत का. फिलिप के. डिकचं मूळ पुस्तक नव्हे, ते १९६८ चं, ते वाचलंय (त्याचं पुढं काय झालं ते सांगतो खाली). पिक्चर आला १९८२ ला, आणि नंतर के. डब्ल्यू. जेटर नावाच्या लेखकानं पिक्चर जिथं संपतो तिथून गोष्ट पुढं नेत तीन कादंबऱ्या लिहिल्या, १९९५, १९९६ आणि २००० साली. पुण्यात एका जुन्या पुस्तकवाल्याकडं तिन्ही आल्यात, भाचा तिथं शिकायला आहे त्यानं फोटो पाठवला, तिन्हीचे मिळून अठराशे सांगतोय आणि रविवारपर्यंत बाजूला ठेवतो म्हणालाय. भाचा म्हणतो मामा घेऊन टाक. भाच्याचं काय जातंय.

आता अठराशेपेक्षा मोठी अडचण म्हणजे जागा. हसू नका. २०१९ च्या जुलैत पिक्चरमधला नट रुटगर हाउअर गेला, बातमी आली त्या रात्री मी पिक्चर परत लावला. पिक्चर घडतो नोव्हेंबर २०१९ मध्ये, त्यात त्यानं केलेला रॉय बॅटी हा रेप्लिकंट (कारखान्यात बनवलेला, मोजकंच आयुष्य असलेला नकली माणूस) मरतो, आणि हा माणूस खरोखरच त्याच वर्षी गेला, हे काही डोक्यातून जाईना. पडद्यावर दोन तास पाऊस. बायको म्हणाली बाहेरचा कमी पडतोय का. आणि खरं सांगायचं तर सांगलीत तेव्हा तसा कमीच होता, आमच्याकडं पाणी येतं ते वर कोयनेकडं, महाबळेश्वरकडं पडलेल्याचं. पंधरा-सतरा दिवसांत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५. आमचं घर मारुती चौकाजवळ. २००५ चं पाणी जिथवर आलं होतं ती खूण भिंतीवर होती, तिच्या वर सगळं ठेवून आम्ही निवांत निघालो नातेवाइकांकडं, आणि यावेळी पाणी खूण ओलांडून वर. आठ दिवसांनी आलो तर पुस्तकांच्या कपाटाचं दार फुगून बसलेलं, पहारीनं उचकटलं, आत सगळी पुस्तकं एकमेकांना चिकटून वीट झालेली. डिकचं पण त्यातच. गच्चीवर वाळत घातली पण पानापानांत गाळ, शेवटी टाकली. तेव्हापासून घरात कायदा आहे की तळमजल्यावर पुस्तक ठेवायचं नाही, आणि वरच्या खोलीत फळी एकच. तीन आत आली की तीन बाहेर. म्हणून विचारतोय.

आता पुस्तकांबद्दल भीती काय वाटते ते. मला तो पिक्चर आवडतो त्यात न सांगितलेल्यासाठी. डेकार्ड (रेप्लिकंट शोधून मारणारा पोलिस, म्हणजे ब्लेड रनर) माणूस का रेप्लिकंट, त्याच्यासोबत निघालेली रेप्लिकंट रेचल किती जगेल, काही कळत नाही, लिफ्टचं दार बंद होतं आणि खलास. (मी २००७ च्या फायनल कटवाला आहे, म्हणजे दिग्दर्शकानं परत जुळवलेल्या आवृत्तीवाला. १९८२ चं ते निवेदन आणि शेवटी डोंगरातून जाणारी गाडी, ज्यातली वरून घेतलेली दृश्यं कुब्रिकच्या द शायनिंगसाठी काढून उरलेली होती, ते मला झेपत नाही.) जेटरनं जर बसून एकेका गोष्टीचं उत्तर दिलं असेल तर मला ते नकोय. एकदा वाचलं की विसरता थोडंच येतं.

पण पहिल्या पुस्तकाच्या मागं लिहिलंय की डेकार्डला सहावा रेप्लिकंट शोधायला परत बोलावतात, आणि तिथं मी अडकलो. जुन्या पिक्चरमध्ये डेकार्डचा साहेब ब्रायंट सांगतो की सहा पळून आले, त्यातला एक मेला. राहिले पाच. दिसतात चार. पाचवा कुठाय? कॉलेजात असताना भाड्याच्या कॅसेटवर बघून आम्ही चौघांनी या हिशोबावर एक अख्खी रात्र घालवलीय, एकजण तर डेकार्डच तो म्हणून भांडला. नंतर कळलं की मेरी नावाचं एक पात्र होतं ते शूटिंगआधीच कापलं आणि आकडा बदलायचा राहिला, २००७ ला ‘दोन मेले’ करून दुरुस्त केला. म्हणजे साधी हिशोबाची चूक. आणि या बाबानं त्या चुकीवर कादंबरी उभी केली! हे लई भारी आहे का लई वाईट तेवढं सांगा. नुसतं पहिलं घेतलं तर चालतं का तेही.

—

झोपाळू मेंढी:
पहिलं (द एज ऑफ ह्यूमन) पूर्ण वाचलंय, दुसरं अर्ध्यात सोडलं, तिसरं नाही. स्पॉयलर आहेत, नको असतील तर इथंच थांबा.

तुमची भीती निम्मी खरी आहे. जेटर उत्तरं देतो, भरपूर देतो. रेप्लिकंट बनवणाऱ्या टायरेलची पुतणी सारा येते, रेचल तिच्यावरून बनवलेली, तीच डेकार्डला कामाला लावते. रॉय बॅटी ज्याच्यावरून बनवला तो खरा माणूस येतो. पहिल्याच सीनमध्ये गोळी खाल्लेला दुसरा ब्लेड रनर होल्डन नवीन हृदय-फुफ्फुसं बसवून परत येतो आणि त्याला संशय की डेकार्डच तो सहावा, म्हणजे तुमचा कॉलेजातला मित्र. टायरेलकडं काम करणारा सेबॅस्टियन पिक्चरमध्ये मेला असं आपण ऐकतो, इथं जिवंत. आणि डिकच्या पुस्तकातला इसिडोर पण आहे, ज्याच्यावरून पिक्चरवाल्यांनी सेबॅस्टियन केला तोच, म्हणजे एकाच माणसाचे दोन अवतार एकाच कादंबरीत फिरतात. मला गंमत वाटली, कुणाला वैताग येईल.

पण एका गोष्टीसाठी मी ते पुस्तक ठेवलंय. सुरुवातीला डेकार्ड ओरेगनच्या जंगलात एका खोपटात राहतो आणि रेचल एका पेटीत झोपवलेली असते. तिचं आयुष्य थोडं, म्हणून तो तिला क्वचितच जागी करतो, उरलेले दिवस पुरवून पुरवून वापरतो. बाकी वेळ नुसता शेजारी बसलेला. तेवढी पानं डिकनं लिहिली असती तरी चालली असती. जेटर डिकचा मित्र होता, ते तिथं कळतं.

पोवई नाका:
मेंढीताई गोड बोलतायत. मी तिन्ही वाचलीत (नोकरी साताऱ्याबाहेर होती, रोज एसटीत चार तास, नाहीतर कोण वाचतंय). पहिलं बरं, दुसऱ्यात डेकार्डच्या कामगिरीवरच पिक्चर काढतायत आणि हा सेटवर सल्लागार, कल्पना एक नंबर पण पुढं गुंता. तिसऱ्यात डेकार्ड बाजूला, आयरिस नावाची बाई ब्लेड रनर टायरेलचं घुबड शोधत फिरते. घुबडासाठी सहाशे रुपये द्यायचे का ते तुमचं तुम्ही ठरवा.

माझं डोकं कुठं गेलं सांगतो. प्रिस (त्या चार रेप्लिकंटांतली एक) मुळात माणूसच होती असं पहिल्या पुस्तकात निघतं. अहो, पिक्चरमध्ये ब्रायंट फाइल दाखवून सांगतो ना ती कोण आहे! आणि ‘ब्लेड रनर’ हा शब्द म्हणे जर्मन ‘ब्लाइब रुहिग’, म्हणजे शांत राहा, यावरून आला. खरं तर ते नाव एका वेगळ्याच कादंबरीतून उचललंय, अ‍ॅलन नर्सची, १९७४ ची, तिच्यात ब्लेड रनर म्हणजे डॉक्टरी हत्यारं चोरून पोचवणारी पोरं. पिक्चरवाल्यांना नाव आवडलं, हक्क घेतले, संपलं. दर गोष्टीला कारण कशाला लागतं?

आणि २०१७ चा पुढचा पिक्चर, ब्लेड रनर २०४९, बघितला असेल तर त्यात या कादंबऱ्यांतलं काही धरलेलं नाही. रेचलचं तिथं वेगळंच होतं. म्हणजे ‘खरं’ काय झालं ते कळायला घेत असाल तर घेऊ नका.

झोपाळू मेंढी:
@पोवई नाका, मी ताई नाही, दादा आहे. बाकी प्रिसबद्दल सहमत.

वाचनवेडी मिरजकर:
मूळ धाग्याला धरून एकच. आधी डिकचं परत घ्या. पिक्चरच्या वेळी डिकला म्हणत होते की पिक्चरवरून नवीन कादंबरी लिहून दे, पैसे चांगले होते, त्यानं नाही म्हटलं आणि आपलं मूळ पुस्तकच परत छापायला लावलं. मार्च १९८२ मध्ये गेला, पिक्चर आला जूनमध्ये. ते पुस्तक फळीवर नाही आणि जेटरची तीन आहेत, हे बरं दिसतं का दादा?

पोवई नाका:
+१. पुरात गेलेलं पहिलं भरून काढा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे आभार. मेंढीदादा, ती पेटीची गोष्ट वाचल्यावर पहिलं घ्यायचं ठरलंच होतं. एक मात्र गंमत लक्षात आली का बघा: १९८२ च्या निवेदनात डेकार्ड सांगतो की रेचलला मरायची तारीखच नव्हती. जेटरनं जंगल त्या आवृत्तीतलं घेतलं आणि मरण दुसऱ्या आवृत्तीतलं. मला आवडलं हे, का ते सांगता येत नाही.

मिरजकर ताई, तुमचा मुद्दा बायकोला वाचून दाखवला, ती म्हणाली या बाईंना जेवायला बोलवा. डिकचं ऑर्डर केलंय.

भाच्यानं आज दुकानात जाऊन विचारलं, तो म्हणतो सुटं देणार नाही, तिन्ही घ्या नाहीतर राहू द्या, घासाघीस करून चौदाशेवर आला. तर आता दुसरी मदत हवी आहे: दुसरं आणि तिसरं दोन्ही मिळून आठशेला कुणाला हवंय का? सांगलीत येऊन न्यायचं, पाणी न लागलेलं आहे. घुबडासकट.