मच्छीमारांच्या गावी किनाऱ्यावर जायचं कधी?

प्रश्न: पुढच्या आठवड्यात मुलांना घेऊन मच्छीमारांच्या एका गावी जातोय. होड्या परतताना बघायच्यात, पोहायचंही आहे. वेळ कशी ठरवू?

उत्तर १: माझं बालपण अशाच किनाऱ्यावर गेलं. आधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. भरती रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते, त्यामुळे काल सातला लागलेली होडी आज सातलाच लागेल असं नाही. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, कोरडी वाळू बघता बघता पाण्याखाली जाते. आणि कृपा करून वाळत घातलेल्या जाळ्यांवरून चालू नका. चपलेच्या बकलात अडकून एक धागा तुटला तरी मासा तिथूनच निसटतो. माझी आजी अंधार पडेपर्यंत सुई घेऊन एकेक भोक सांधत बसायची.

उत्तर २: दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत आणि मध्येच शांत पट्टा दिसतोय, तिथे मुलांना उतरवू नका. तिथूनच पाणी आत ओढतं. ओढले गेलातच तर किनाऱ्याला समांतर पोहा.

प्रश्नकर्ता: हे माहीतच नव्हतं! मासळी उतरवतानाचे फोटो काढले तर चालतील?

उत्तर १: विचारून काढा. डोक्यावर टोपली असलेल्या बाईला मात्र थांबवू नका, मान भरून येते हो.