सामायिक काल्पनिक अ‍ॅटलासमध्ये दाखल झालेल्या नकाशावर हक्क कोणाचा?

कंटूररेषा

कॅम्पेन कार्टोग्राफर ही नकाशे काढण्याची संगणकप्रणाली वापरणारे हौशी लोक गेली काही वर्षे ‘निबिरम’ नावाच्या एकाच काल्पनिक जगाचा अ‍ॅटलास मिळून तयार करत आहेत. त्या जगाचा एक मूळ नकाशा आहे आणि त्यावर अलारियस, डोरियंट, बेरेनुर, कुमारीकंदम असे खंड आहेत. ज्याला भाग घ्यायचा असेल तो एखाद्या खंडाच्या नकाशावरची मोकळी जागा मागून घेतो आणि तिचा अधिक तपशिलाचा नकाशा काढून देतो. मग त्या नकाशातल्या एखाद्या शहराचा, आणि त्या शहरातल्या एखाद्या गढीचा नकाशा तिसराच कोणी काढतो. नकाशा प्रतिमेच्या रूपात पाहता येतो आणि त्याची मूळ फाइलही उतरवून घेता येते. एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी एका जगाचा भूगोल असा थराथराने उभा करावा, याचे मला मनापासून अप्रूप वाटते, आणि आपल्यापैकी काही जण असा प्रयत्न मराठीत करू पाहत आहेत म्हणूनच हा धागा काढत आहे.

माझे म्हणणे असे, की अशा अ‍ॅटलासमध्ये एकदा नकाशा दाखल झाला की त्यातला तपशील सर्वांनी पक्का मानावा, पण तो काढणाऱ्याची त्या प्रदेशावरची हुकमत तिथेच संपावी. खऱ्या जगाचा सामायिक नकाशा करणाऱ्या ओपनस्ट्रीटमॅपमध्ये वाद झाला तर ‘जागेवर काय आहे’ हे विचारता येते. रस्ता आहे की नाही, हे कोणीतरी जाऊन पाहू शकतो. काल्पनिक जगात जागाच नाही. आधी काढलेला नकाशा हीच तिथली जमीन असते, आणि म्हणून नंतर येणाऱ्याला तिच्यावर पाय ठेवण्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागू नये. मूळ काढणारा नोकरीत, संसारात अडकून दिसेनासा झाला, त्याच्या खोऱ्यातल्या दहा गावांची फक्त नावे आहेत आणि त्याच्या होकाराशिवाय त्या गावांना हात लावता येत नाही, अशी स्थिती आली तर अ‍ॅटलास त्या जागी गोठतो.

वहीतले_बेट

मूळ मांडणीतला पूर्वार्ध मला मान्य आहे, उत्तरार्ध अजिबात नाही. हौशी माणूस पैशासाठी नकाशा काढत नाही. किनारपट्टीची प्रत्येक खाच तो हाताने ओढतो, कारण त्या किनाऱ्यावर कोण राहते, तिथे कोणते भांडण शिजते आहे, कोणत्या टेकडीवर कोणाची समाधी आहे, हे त्याच्या मनात असते. नकाशावर त्यातले फार थोडे उतरते. दुसऱ्या दिवशी कोणीतरी येऊन त्या टेकडीवर बाजारपेठ वसवणार असेल, तर नियमाप्रमाणे नकाशा तसाच राहील, पण ती जागा मेलेली असेल.

ओपनजिओफिक्शन या उपक्रमाकडे पाहावे. ओपनस्ट्रीटमॅपचीच यंत्रणा वापरून तिथे एका काल्पनिक, पण आजच्या काळातल्या जगाचा नकाशा काढला जातो, आणि सदस्याला स्वतःचा असा एक प्रदेश मिळतो. अनेकांनी मिळून काढायचे प्रदेशही तिथे वेगळे राखलेले आहेत. ज्याला एकट्याने खोल जायचे आहे आणि ज्याला इतरांबरोबर घडवायचे आहे, त्या दोघांना तिथे जागा आहे. एकाच जगात या दोन पद्धती नांदू शकत असतील, तर सरसकट हुकमत संपवण्याचा आग्रह कशासाठी?

६०_अंश_उत्तर

या वादाचा एक जुना आणि खराखुरा दाखला आहे. 1891 मध्ये बर्न येथील आंतरराष्ट्रीय भूगोल परिषदेत आल्ब्रेख्त पेंक या जर्मन भूगोलतज्ज्ञाने संपूर्ण जगाचा 1:10,00,000 या प्रमाणावरचा एकच नकाशा सर्व देशांनी मिळून करावा, असा प्रस्ताव मांडला. 1909 मध्ये लंडनला आणि 1913 मध्ये पॅरिसला परिषदा होऊन पत्रकांचे, म्हणजे नकाशाच्या एकेका सुट्या कागदाचे, नियम ठरले: प्रत्येक पत्रक 4 अंश अक्षांश आणि 6 अंश रेखांश व्यापणारे, चिन्हे समान, उंचीचे रंग समान. काढायचे मात्र ज्याने त्याने आपापल्या भूमीचे. तो नकाशा कधीच पूर्ण झाला नाही. महायुद्धे आली, काही देशांना त्यात रस उरला नाही, काहींनी आपल्या सोयीने पत्रके काढली, आणि अखेर संयुक्त राष्ट्रांनीही त्याचा पाठपुरावा सोडला. उलट अमेरिकन जिऑग्राफिकल सोसायटी या एकाच संस्थेने त्याच नियमांनी मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेच्या टोकापर्यंतची 107 पत्रके हाती घेतली आणि 1945 मध्ये पूर्ण केली.

यावरून कंटूररेषा यांची बाजू बळकट होते, असे मला वाटते. प्रत्येक चौकटीला एकच मालक असला आणि तो थांबला, की त्या चौकटीत पांढरा कागद उरतो. मात्र ‘सर्वांचे सर्व’ हाही त्यावरचा उपाय नाही, कारण पूर्ण झाला तो भाग एका निश्चित संपादकाच्या हाताखाली झाला होता. मालक नको असतील तर संपादक हवा, आणि त्याच्याकडे नाही म्हणण्याचा अधिकार हवा.

एक तांत्रिक गोष्टही इथेच नोंदवतो. संगणकावरचे बहुतेक फिरते नकाशे मर्केटर पद्धतीच्या प्रक्षेपणावर, म्हणजे गोल पृथ्वी सपाट पृष्ठावर मांडण्याच्या एका रीतीवर, चालतात. त्यात 60 अंश अक्षांशावर प्रत्येक अंतर विषुववृत्ताच्या तुलनेत दुप्पट आणि क्षेत्रफळ चौपट दिसते. उत्तरेचा प्रदेश घेतलेला सदस्य पडद्यावर नजरेने गाव आखतो तेव्हा ते गाव प्रत्यक्षात अर्ध्या मापाचे होते, आणि शेजारच्या सदस्याचा रस्ता त्याला येऊन मिळाला की दोन्हीकडची घरे एकमेकांशी जुळत नाहीत. अशी दुरुस्ती करण्यासाठी ‘ही माझी जागा आहे’ हा अडसर नसावा.

वहीतले_बेट

मापातली दुरुस्ती आणि आशयातला बदल या दोन गोष्टी एका तराजूत घालू नयेत. माप चुकले असेल तर संपादकाने जरूर सुधारावे. त्याबद्दल कोणताही विवेकी नकाशाकार तक्रार करणार नाही. आणि तुमच्या दाखल्यात एक फरक आहे. त्या पत्रकांची भूमी पेंक यांच्या आधीही होती आणि नंतरही राहिली. पांढऱ्या पत्रकाखाली खरे डोंगर होते, म्हणून ते अपुरे ठरले. निबिरमवरच्या पांढऱ्या जागेखाली काहीही नाही. ती रिकामी राहिली तर कोणाचेही नुकसान होत नाही, उलट पुढे कोणाला तरी तिथे काहीही सुचू शकते. काल्पनिक अ‍ॅटलास ‘पूर्ण’ झालाच पाहिजे, हे आपण खऱ्या सर्वेक्षणाकडून उचललेले ओझे आहे.

पाणलोट

मला वाटते, हुकमतीचा प्रश्न सोडवण्याआधी मूळ नकाशावर काय असावे हे ठरवायला हवे, कारण निम्मे वाद तिथूनच उपजतात. खंडाच्या नकाशावर किनारा, डोंगर आणि नद्या एवढेच असते. वारे कोणत्या दिशेने वाहतात, पाऊस कोणत्या उतारावर पडतो, पाणलोटाची सीमा कुठे आहे, हे कोणी लिहीत नाही. मग डोंगराच्या पश्चिमेचा प्रदेश घेतलेला माणूस घनदाट जंगल काढतो, पूर्वेचा घेतलेलाही तितकेच घनदाट जंगल काढतो, आणि दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात. सह्याद्री पाहिलेल्या माणसाला यातली विसंगती लगेच खुपते: महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आसपास. या एका फरकातून भात की बाजरी, लाकडी घर की माळवद, गाव विहिरीभोवती की ओढ्याकाठी, हे सगळे ठरत जाते. काल्पनिक शहराचा नकाशा काढणाऱ्याला हेच तर हवे असते.

म्हणून मूळ नकाशाबरोबर वारा, उंची आणि पाणलोट यांचा एक थर सक्तीचा असावा आणि त्याच्याशी न जुळणारा नकाशा स्वीकारू नये. डोंगर चढून जाणारी नदी, दोन समुद्रांना जोडणारी नदी, मध्येच दुभंगून दोन खोऱ्यांत जाणारी नदी, असले प्रकार हौशी नकाशांत वारंवार दिसतात. ते गाळण्यासाठी मालकीचा प्रश्न आड येऊ नये.

उलटी_नदी

पाणलोट यांच्या आस्थेबद्दल आदर बाळगूनही मला या नियमाची भीती वाटते. वेनेझुएलातली कासिकियारे नदी ओरिनोकोपासून फुटते आणि रिओ निग्रोला मिळून तिचे पाणी अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यात नेते. जर्मन संशोधक-प्रवासी हुम्बोल्ट यांनी 1800 मध्ये त्या मार्गाने प्रवास करून ही गोष्ट युरोपातल्या विद्वानांसमोर आणली. त्याआधी असे होऊच शकत नाही, असे म्हणणारे नामांकित भूगोलकार होते. इतके लांब जायलाही नको. आपली कृष्णा अरबी समुद्रापासून अवघ्या 64 किलोमीटरवर उगम पावते आणि त्याकडे पाठ फिरवून सुमारे 1400 किलोमीटर चालत बंगालच्या उपसागराला मिळते. सह्याद्री कधीच न पाहिलेल्या परीक्षकाच्या हाती हा नकाशा दिला, तर तो नदीची दिशा उलटी आहे म्हणून परत पाठवेल.

हौशी माणसाचे वेगळेपण हेच आहे, की तो आपल्या गावच्या भूगोलातली एखादी विलक्षण गोष्ट घेऊन येतो आणि ती दुसऱ्या टोकाच्या परीक्षकाला अशक्य वाटते. नियम करायचाच असेल तर नकार देण्याचा करू नये, कारण विचारण्याचा करावा. नकाशाबरोबर एक टिपण असावे: ही नदी इथे का फुटते, हा घाट इथे का आहे, हे शहर पाण्यापासून दूर का वसले. समाधानकारक उत्तर असेल तर नदी राहू द्यावी.

पाणलोट

टिपणाची सूचना मला मान्य आहे आणि ती माझ्या नियमाहून चांगली आहे. फक्त तिची सक्ती असावी, कारण आधार न नोंदवलेली गोष्ट किती काळ टिकते याचा दाखला नकाशांच्या इतिहासात आहे. बंगालचे पहिले सर्व्हेअर जनरल जेम्स रेनेल यांनी 1798 मध्ये पश्चिम आफ्रिकेच्या नकाशावर ‘काँग’ नावाची एक लांबलचक पर्वतरांग दाखवली. ती नव्हतीच. पुढचे नकाशाकार एकमेकांवरून ती उतरवत राहिले आणि बँजे या फ्रेंच अधिकाऱ्याने 1880 च्या दशकाच्या अखेरीस तो मुलूख स्वतः पालथा घातल्यावर ती हळूहळू नाहीशी झाली. आपल्या अ‍ॅटलासात बँजे येणार नाही. ‘हा डोंगर कोणी, कधी, कशाच्या आधारे काढला’ हे तिथे नसेल तर मूळ हेतू आणि उतरवताना झालेली चूक यांतला भेद पुढच्या माणसाला कधीच करता येणार नाही.

खुली_फाइल

चर्चा भूगोलात रमली आहे, ती थोडी कागदपत्रांकडे वळवतो. हुकमत कोणाची हे शेवटी परवाना, म्हणजे काम इतरांनी कसे वापरावे याच्या लेखी अटी, ठरवतो, आणि तो पहिल्या नकाशाच्या आधी ठरावा लागतो. ओपनस्ट्रीटमॅपने 2012 मध्ये परवाना बदलला तेव्हा ज्या योगदात्यांनी नव्या अटींना संमती दिली नाही, त्यांचे काम नकाशातून काढून टाकावे लागले. काही ठिकाणी वर्षानुवर्षे जुळवलेले रस्ते त्यामुळे नव्याने काढावे लागले. खऱ्या जगात रस्ता पुन्हा मोजता येतो. काल्पनिक खंडाचा मधला प्रदेश असा निघून गेला तर त्यावर टेकलेली शहरे, त्या शहरांतल्या गढ्या, त्यांच्या कथा, सगळेच अधांतरी राहते. म्हणून दाखल केलेला नकाशा परत घेता येणार नाही आणि त्यावर आधारित नकाशा काढण्यास कायमची मुभा राहील, एवढी दोन वाक्ये तरी प्रत्येकाकडून आधी मान्य करून घ्यावीत. काढणाऱ्याचे नाव मात्र नकाशावर कायम असावे. ते पुसण्याचा अधिकार संपादकालाही नसावा.

दुसरा मुद्दा फाइलचा. निबिरमचा अ‍ॅटलास एका विकत घ्याव्या लागणाऱ्या प्रणालीच्या फाइलवर उभा आहे. त्यामुळे नकाशांची परस्पर जोडणी आणि चिन्हांची एकरूपता साधते, हा लाभ मोठा आहे. पण वंडरड्राफ्ट किंवा इंकार्नेट अशा दुसऱ्या नकाशाप्रणाली वापरणारा, किंवा केवळ शाई आणि कागदावर काढणारा माणूस बाहेर राहतो. मराठीतल्या उपक्रमात शाळकरी मुलांपासून निवृत्त भूकरमापकांपर्यंत लोक यावेत असे वाटत असेल, तर कागदावरचा स्कॅन केलेला नकाशाही स्वीकारला पाहिजे. त्याचे चार कोपरे मूळ नकाशावर नेमके कुठे बसतात, एवढे त्याने लिहून द्यावे.

वहीतले_बेट

परत न घेण्याची अट मी मान्य करीन. इतरांनी विश्वासाने ज्यावर बांधले ते काढून घेण्याचा हक्क मला नसावा, हे न्याय्य आहे. पण ‘हुकमत तिथेच संपावी’ याला माझा विरोध कायम आहे. माझी मागणी मर्यादित मुदतीची आहे: नकाशा दाखल झाल्यापासून एक वर्ष त्या प्रदेशातल्या नव्या कामाबद्दल मूळ काढणाऱ्याला विचारले जावे, त्याने पंधरा दिवसांत उत्तर न दिल्यास संपादकाने निर्णय घ्यावा, आणि वर्षानंतर प्रदेश खुला व्हावा. मनातली समाधी कागदावर उतरवायला माणसाला एवढा अवधी मिळायला हवा.

कंटूररेषा

एका वर्षाची मुदत मला फार वाटते. नव्याने आलेल्या माणसाचा उत्साह पहिल्या काही आठवड्यांत असतो, आणि त्याला मोकळ्या जागेऐवजी वाट पाहण्याची यादी दिली तर तो परत येत नाही. सहा महिने आणि सोबत उलटी_नदी यांनी सुचवलेले टिपण, असे मी सुचवतो: समाधी कोणाची आहे हे मूळ काढणाऱ्याने टिपणात लिहिले असेल तर ती टेकडी तपशिलाचाच भाग झाली, आणि तिला सहा महिन्यांनंतरही कोणी हलवू शकणार नाही. न लिहिलेल्या गोष्टीचे संरक्षण मात्र कोणताही अ‍ॅटलास करू शकत नाही. मुदतीबद्दल इतरांनी आपले मत द्यावे. परवान्याची दोन वाक्ये आणि टिपणाचा नमुना यांचा मसुदा मी पुढच्या प्रतिसादात मांडतो.